चार बोटांवरची कडी

आधीच सांगून टाकते, गाठ मी मारली होती. उगाच नंतर कुणी म्हणायला नको, की बाईने अर्धा तास रडगाणं गायलं आणि शेवटी हळूच कबूल केलं.

ज्यांची ही गोष्ट, ते आमच्या ऑफिसातले नकाशेवाले. सरकारी इमारती नव्या बांधायच्या असोत की जुन्या दुरुस्त करायच्या, नकाशे हे काढायचे. लहानपणच्या एका तापात दोन्ही पाय लुळे पडले, तेव्हापासून काखेत दोन कुबड्या. यायला-जायला तीन चाकांची स्कूटर. खिशात पेन नसलं तर चालायचं, पण मोजायची टेप नसली की माणूस कासावीस. म्हणून तोंडावर सगळे भाऊ म्हणायचे आणि पाठ फिरली की फूटपट्टी.

आणि मोजायचं म्हणजे काय, दिसेल ते. दारं, उंबरे, पायऱ्या, पाण्याच्या नळाची उंची. अर्ज घ्यायची नवी खिडकी सुरू झाली त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते आणि हे वाकून टेप लावत होते. म्हणाले, "चाकाच्या खुर्चीतला माणूस आला तर त्याला या खिडकीतून फक्त तुमचा पंखा दिसेल." मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्य अधिकारी, त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण महिन्याभरात खिडकी हातभर खाली आली. असा चिवट माणूस. गोड बोलणं म्हणून ठाऊक नाही.

मी दुसऱ्या मजल्याची सफाईवाली. सतरा वर्षं झाली. मला सगळे मावशी म्हणतात, माझ्याहून म्हातारे बाप्येसुद्धा.

चार वर्षांपूर्वी आमच्या मजल्यावर अपंगांसाठी वेगळं टॉयलेट झालं. नकाशा भाऊंचाच. दार रुंद, आणि उघडायचं बाहेरच्या बाजूला. कडी आतून लावली तरी बाहेरून नाणं घालून फिरवता येईल अशी खाच. भिंतीला धरायला दांडे. फरशी खरखरीत, म्हणजे घासताना माझ्या मनगटांचे हाल. आणि कमोडच्या शेजारी छतापासून खाली आलेली एक लाल दोरी. तिला ओढायला दोन गोल कड्या. एक कमरेएवढ्या उंचीवर आणि दुसरी पार खाली, जमिनीपासून चार बोटांवर. दोरी ओढली की खाली वॉचमनच्या केबिनमध्ये आणि वर पॅसेजमध्ये घंटा वाजायची. वीज गेली तरी वाजायची, तिला वेगळी बॅटरी होती. त्या बॅटरीसाठी सुद्धा भाऊंनी सात अर्ज केले म्हणे.

आता मला सांगा, जमिनीपासून चार बोटांवर लोंबणारी दोरी, आणि खाली माझा पोछा. अडकणार नाही तर काय होईल? पहिल्याच महिन्यात तीनदा घंटा वाजली. वॉचमन दोन जिने धापा टाकत वर. सगळा मजला गोळा. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मोठ्या बाईंकडे बाहेरगावचे साहेब बसले होते. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कागद. पुन्हा असा निष्काळजीपणा झाला तर कामावरून कमी करण्यात येईल. झालं! मी कानाला खडा लावला. तेव्हापासून फरशी धुवायच्या आधी दोरी वर घ्यायची, वरच्या टॉवेलच्या खुंटीला दोन वेढे आणि एक गाठ.

खरं तर धुऊन झालं की सोडायची. पण फरशी वाळायला वेळ, तोवर मी दुसरीकडे. राहायचं. भाऊ गेले की सोडायचे. मी गेले की बांधायची. आमची लुटुपुटूची लढाई चार वर्षं चालली. एकदा त्यांनी मला पॅसेजमध्ये गाठलं.

"मावशी, पडलेला माणूस उभा राहून दोरी ओढत नाही. पडलेल्याचा हात जमिनीवर असतो."

"आणि कागद आला की तो माझ्या हातात असतो," मी म्हटलं.

त्या शनिवारी अर्धा दिवस होता. दीडला ऑफिस बंद, आणि पुढचे तीन दिवस सुट्टी. माझी लेक तिच्या बाळाला घेऊन पहिल्यांदा घरी येणार होती, दोनच्या ठोक्याला. बाळ तीन महिन्यांचं आणि मी अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, खोटं कशाला बोलू? एरवी दीडनंतर धुते ते मी एक वाजताच धुवायला घेतलं. साबण टाकला, पाणी मारलं, दोरी बांधली. नकाशांची खोली बघायलाही गेले नाही. शनिवारी भाऊ बाराला निघायचे म्हणजे बाराला, घड्याळ लावून घ्यावं. पॅसेजच्या तोंडाशी उभं राहून "कोणी आहे का?" म्हणून एक हाक दिली आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरले. किल्ल्या वॉचमनला दिल्या. तो जाळीच्या दरवाजांना कुलपं लावायला आणि वीज बंद करायला वर गेला.

मागच्या शेडमधून बसस्टॉपकडे वाट आहे. शेडमध्ये भाऊंची तीन चाकांची स्कूटर उभी होती. मी तिला वळसा घालून गेले.

बसमध्ये गर्दी नव्हती, बसायला जागा मिळाली. खिडकीपाशी बसले आणि बाळाला काय म्हणायचं, कुणासारखं असेल, यातच गुंगले. मध्येच आठवलं, दोरी सोडायची राहिली. असू दे म्हटलं, बुधवारी बघू. तीन दिवस कोण येतंय तिथे? आणि मग एकदम स्कूटर डोळ्यांसमोर आली. बघितली होती ना मी! माझ्या पदराला तिचा आरसा लागला होता. स्कूटर इथे, तर माणूस कुठे?

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते काय, त्या दिवशी कळलं. आधी मनाला समजावलं, बिघडली असेल, ठेवून गेले असतील. पण गेले कसे? दोन कुबड्यांवर? त्यांची बहीण असते त्यांच्याबरोबर, पण ती परगावी गेल्याचं त्यांनीच मला गुरुवारी सांगितलं होतं. म्हणजे घरी वाट बघणारं कुणी नाही. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. मी बोटांवर मोजलं, बुधवारपर्यंत कुणी नाही.

वॉचमनला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. भाऊंचा नंबर माझ्याकडे नव्हता. चार वर्षं भांडले त्या माणसाशी आणि नंबर नाही! पुढच्या स्टॉपला उतरले. समोरून बस नाही. रिक्षा थांबवली, म्हटलं, "बाबा, माणूस अडकलाय, जमेल तेवढी पळव." घरून नवऱ्याचा फोन. लेक आली होती, मागे बाळ रडत होतं. "येते," एवढंच म्हटलं आणि बंद केला.

वॉचमन केबिनमध्ये डबा खाऊन पेंगत होता. फोन उशाला, आवाज बंद.

"दुसरा मजला उघड."

"मोठ्या बाईंच्या परवानगीशिवाय सुट्टीत उघडायचं नाही, मावशी. नियम आहे."

"नियमाच्या बापा, वर भाऊ आहेत!"

"नाहीत हो. घंटा कुठे वाजली?" तो भिंतीवरच्या घंटेकडे बोट दाखवून म्हणाला.

काय सांगू त्याला? घंटा का वाजली नाही ते मला एकटीला माहीत होतं. मी टेबलावरचा जुडगा उचलला आणि जिन्याकडे पळाले. पन्नाशीची बाई मी, गुडघे कुरकुरणारे, पण त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या चढले. तो मागून ओरडत आला. जाळीच्या कुलपाला तीन किल्ल्या लावून बघितल्या, तिन्ही चुकीच्या. शेवटी त्यानेच माझ्या हातातून जुडगा घेतला आणि उघडलं.

पॅसेजमध्ये अंधार. "भाऊ!" काहीच नाही. "अहो भाऊ!"

टॉयलेटच्या दारावर आतून टक्क असा आवाज आला. मग पुन्हा. एकदम हळू.

कडी आतून लावलेली. वॉचमन खांदा लावून धक्का द्यायला निघाला. मी ओरडले, "ढकलू नकोस, बाहेर उघडतं ते!" पर्समधून नाणं काढलं, खाचेत घातलं. घसरलं. पुन्हा घातलं. फिरलं. दार ओढलं, तर भाऊ दाराला टेकूनच पडले होते, आत उघडणारं दार असतं तर त्यांच्याच अंगाने अडलं असतं. चेहरा राखेसारखा, ओठ सुकलेले, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. कपडे ओले. एक कुबडी कोपऱ्यात, एक हातात, आणि शेजारी टेप उघडी पडलेली.

सव्वा वाजता नकाशा संपवून ते आत आले होते. दुसऱ्याच पावलाला कुबडी साबणावरून सटकली. मोबाइल टेबलावरच राहिला होता, आणि पडल्यावर थोडा वेळ शुद्धच नव्हती. पावणेदोन तास. तेवढ्या वेळात तो माणूस तुटलेलं हाड घेऊन, फरशीवर सरपटत दोरीखाली गेला होता आणि परत दारापर्यंत आला होता.

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, शिवी देतील. द्यायलाच हवी होती.

"एकशे पस्तीस," ते म्हणाले.

"काय?"

"दोरीचं टोक. जमिनीपासून. एकशे पस्तीस सेंटिमीटर. कुबडीनेही काढता आलं नाही." मग डोळे मिटले आणि म्हणाले, "पाणी द्या."

अँब्युलन्स आली. वॉचमन वीज चालू करून लिफ्ट धरायला गेला, माणसं भाऊंना स्ट्रेचरवर घेऊन गेली. मी टॉयलेटमध्ये एकटी राहिले. आणि हात वर करून मी गाठ सोडली.

हात आपोआप गेला म्हणू का? नाही गेला. मी दाराकडे बघितलं, कुणी नाही ना याची खात्री केली, आणि मग सोडली. दोन वेढे उलगडले. खालची कडी जमिनीपासून चार बोटांवर येऊन डुलत राहिली, जशी काही सकाळपासून तिथेच होती.

घरी गेले तेव्हा बाळ झोपलं होतं. मांडीवर घेतलं, पण मला काही सुखाने बघवेना. लेक निघून गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तूच धावलीस, तूच वाचवलंस. आता गप्प बस. नोकरी घालवून काय भाऊंचं हाड जुळणार आहे?" मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

रविवारी दवाखान्यात गेले. भाऊंना गुंगीचं औषध दिलेलं, झोपले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. बहीण परगावाहून धावत आली होती. तिने माझे दोन्ही हात धरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मग बोलत सुटली. म्हणाली, "ते टॉयलेट होण्याआधी तुमच्याकडे जुन्या टॉयलेटला तीन पायऱ्या चढून जायचं होतं, दार वीतभर रुंद. एकोणीस वर्षं माझा भाऊ ऑफिसात पाण्याचा थेंब प्यायला नाही हो. सकाळी चहासुद्धा नाही. उन्हाळ्यात जीभ कोरडी पडायची, तरी नाही. ते टॉयलेट झालं त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाला, आज मी दुपारी दोन ग्लास पाणी प्यायलो."

मी सतरा वर्षं त्या मजल्यावर पाण्याचे ग्लास विसळत होते. त्यातली तेरा वर्षं त्यांच्या टेबलावरचा ग्लास कोरडा असायचा, आणि मी खुशाल म्हणायचे, बरं आहे, एक कमी धुवायला.

बुधवारी ऑफिस उघडलं आणि चौकशी लागली. मोठ्या बाई, एक इंजिनिअर, लिहून घ्यायला कारकून. सगळे टॉयलेटपाशी जमले. मला पाणी आणायला सांगितलं होतं, मी ट्रे घेऊन मागे उभी. इंजिनिअरने दोरी ओढली. घंटा खणखणीत वाजली. त्याने टेप लावली.

"जमिनीपासून आठ सेंटिमीटर. अगदी नियमाप्रमाणे आहे."

"पण भाऊ तर दवाखान्यातून लिहून देतायत की टोक एकशे पस्तीसवर होतं," कारकून म्हणाला.

"मग ही काय जादूने खाली आली?" मोठ्या बाई म्हणाल्या. "दुखण्याच्या भरात भ्रम झाला असेल. नाहीतर, वाईट वाटतं म्हणायला, स्वतःच्या नकाशातली चूक लपवतायत. लिहा. दोरी सुस्थितीत होती. कर्मचाऱ्याने दिलेलं माप चुकीचं आढळलं. दोरीची जागाच नकाशात दारापासून लांब दाखवली गेली. असल्या टॉयलेटमध्ये पुन्हा कुणी पडलं तर जबाबदार कोण? तोवर याला कुलूप लावा. आणि बाकीच्या ऑफिसांना हा नकाशा पाठवलाय ना, तोही थांबवा."

दिलेलं माप चुकीचं! तुटलेल्या हाडाने, फरशीवर पडून, त्या माणसाने टेप लावली होती. मरायची वेळ आली तरी अंदाजपंचे बोलला नाही. आणि त्याच्या मापाला भ्रम म्हणणार? आठ महिन्यांनी निवृत्त होणार होते ते. हा कागद त्यांच्या नावावर कायमचा राहणार. आणि कुलूप. पुन्हा कोरडा ग्लास.

मी ट्रे घेऊन पुढे घुसले तसे ग्लास वाजले. सगळ्यांनी वळून बघितलं.

"माप बरोबर आहे," मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका."

"माप बरोबर आहे, बाई. दोरी मी बांधली होती. फरशी धुताना मी रोज बांधते. त्यांना नेल्यावर मीच सोडली." "विश्वास नसेल तर थांबा."

ट्रे कारकुनाच्या हातात दिला. आत गेले. दोरी धरली, खुंटीला दोन वेढे, एक गाठ. चार वर्षांची सवय, बघावंसुद्धा लागलं नाही. बाजूला झाले आणि इंजिनिअरला म्हटलं, "लावा टेप."

त्याने लावली. बराच वेळ वाकून बघत राहिला.

"एकशे पस्तीस," तो म्हणाला.

मोठ्या बाईंनी कारकुनाला नुकतीच लिहिलेली सगळी वाक्यं खोडायला सांगितली. मला दुसऱ्या मजल्यावरून काढलं आणि खालचं आवार झाडायला लावलं, सहा महिने. पुन्हा एक कागद. यावेळी तो मी मुकाट्याने घेतला.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन भाऊंना सांगितलं. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना कुणी बांधली ते? मग नाव का नाही लिहिलंत?"

"बांधताना मी बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "जे मोजलं तेवढंच लिहिलं." मग विचारलं, "का बांधायच्या हो तुम्ही?"

चार वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मी पोछ्याचं सांगितलं, तीन घंटांचं सांगितलं, त्या कागदाचं सांगितलं, आणि रडले. ते ऐकत राहिले. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "पोछा मोजायचा माझ्याकडून राहिला की." त्यांनीच नंतर बाईंना लिहून कळवलं. धुवायच्या आधी सफाईवालीने वॉचमनला सांगायचं, की आता घंटा वाजली तर ती माझ्याच हातून वाजली समज. धुऊन झालं की तिने स्वतः ओढून वाजवायची. खुंटी काढून टाकायची. एवढंच तर होतं.

चार महिन्यांनी भाऊ परत आले. कुबड्या सुटल्या, आता चाकाची खुर्ची. ते मला बघवलं नाही, खोटं सांगत नाही. आवार झाडता झाडता त्यांच्या मागोमाग वर गेले, हाकलली तर हाकलली. ते थेट टॉयलेटकडे गेले. खुर्ची दारातून आत गेली, दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली. दार लागलं. मी बाहेर झाडू धरून उभी.

आणि घंटा वाजली.

पर्समधलं नाणं शोधायला गेले तर पर्स खाली. "भाऊ! अहो भाऊ!" दारावर थापा मारतेय. वॉचमन जिन्यावरून धडधडत आला, कारकून आला, मोठ्या बाई खोलीतून धावत आल्या.

"काही नाही, काही नाही," आतून आवाज आला. "तपासून बघितली."

"अहो, जीव घ्याल का माझा!" मी ओरडले. मी तिथेच फरशीवर बसले. वॉचमन भिंतीला टेकून धापा टाकत होता. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या, मग बंद दाराकडे. आत नळ सुरू झाला. त्या आपल्या खोलीत परत गेल्या, आणि या घंटेचा कागद कुणाच्याच हातात आला नाही.